‘वयाला शोभत नाही’ म्हणून ती वस्तू काढून घेऊ नका



आजचा लेख थोडा वेगळा आहे. यात एक सल्ला आहे, आणि तोच सल्ला मी काही वर्षांपूर्वी एका आईला नेमका उलटा दिला होता. आधी तीच हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ज्याची ही गोष्ट आहे त्याने लेख वाचून ‘चालेल’ असं कळवल्यावरच तो इथे टाकतोय.

माझ्याकडे एक कुटुंब बरीच वर्षं येतं. घरातला मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. बी.कॉम. झालेला, एका सीएच्या ऑफिसात डेटा एन्ट्री करणारा, कामात एकही चूक न करणारा. त्याला ऑटिझम आहे, हे शाळेत असतानाच कळलं होतं. त्याच्या उजव्या हातात कायम एक कापडाचा तुकडा असायचा. आजोबांच्या जुन्या पंचाचा, रुमालाएवढा, धुऊन धुऊन मऊ झालेला. बोलताना तो त्याचा काठ अंगठा आणि तर्जनी यांच्यात घेऊन सावकाश चोळायचा. तपासणीच्या वेळी हात मोकळा हवा असेल तर तो तुकडा मांडीवर ठेवायचा, आणि काम झालं की लगेच पुन्हा हातात.

त्याला हर्निया झाला. ऑपरेशन ठरलं. ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला, “डॉक्टर, तो पंचा बरोबर न्यायचा म्हणतोय. नेऊ देऊ का?” दवाखान्यात गर्दी होती. मी म्हणालो, “ताई, घरीच ठेवा. ओटीत कुणी नेऊ देणार नाही. आणि आता लहान आहे का तो? एक दिवस राहील त्याच्याशिवाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाऊन घातला, गळ्यातला दोरा काढला, स्ट्रेचरवर घेतला. डोक्यावर पांढरे दिवे, एसीचा गारठा, तोंडावर मास्क लावलेली अनोळखी माणसं, आणि हात रिकामा. सलाईनची सुई टोचायला सिस्टरने हात धरला आणि त्याने तो हिसकावला. मग दोघांनी धरला, मग चौघांनी. कुणीतरी म्हणालं, “एवढा मोठा होऊन नाटकं काय करतोस!” सर्जनने ऑपरेशन पुढे ढकललं, आणि ते योग्यच केलं. पण त्यानंतर तो जवळपास तीन आठवडे घराबाहेर पडला नाही. ऑफिस बंद. खोलीचं दार बंद. आई माझ्याकडे आली तेव्हा चिडलेली नव्हती. फक्त म्हणाली, “तुम्ही म्हणालात म्हणून ठेवला हो घरी.”

हे वाक्य विसरायला मला अजून जमलेलं नाही. पुढे मी या विषयावर जे वाचलं, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याला आणि इतर काही जणांना विचारून जे समजून घेतलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी शब्दाबद्दल. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. सरकारी कागदावरही तोच शब्द आहे, त्यामुळे तो जाणार नाही. पण मला तो आवडत नाही. ‘स्वतःतच रमलेला, इतरांशी देणंघेणं नसलेला’ असं चित्र तो उभं करतो. प्रत्यक्षात बहुतेक ऑटिस्टिक माणसांना बाहेरचं जग जरा जास्तच जाणवतं. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची फडफड, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, शेजारच्या घरातली फोडणी, हे सगळं एकाच वेळी, एकाच आवाजात. तुमचा-माझा मेंदू यातलं नव्वद टक्के न विचारता गाळून टाकतो (हा आकडा बोलण्यातला, मोजलेला नव्हे). त्यांच्या मेंदूची ही गाळणी वेगळ्या पद्धतीने काम करते. म्हणून या लेखात मी ऑटिझम असाच शब्द वापरतो.

दुसरी गोष्ट: मोठ्या वयात एखाद्या वस्तूची ओढ असणं म्हणजे ऑटिझम, असं मुळीच नाही. ऑटिझम नसलेली कितीतरी मोठी माणसं जुनी उशी घेतल्याशिवाय झोपत नाहीत. आणि प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला अशी वस्तू लागतेच असंही नाही. तेव्हा लेख वाचून कुणी स्वतःचं किंवा सुनेचं निदान करू नये, ही विनंती.

लहान मुलांच्या बाबतीत हा विषय जुना आहे. डोनाल्ड विनिकॉट नावाचे लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. १९५३ साली त्यांचा याच विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला. बाळाला आईपासून हळूहळू वेगळं होताना एखादी दुलई, एखादं कापड, एखादं अस्वल सोबतीला लागतं, असं त्यांनी मांडलं. त्यांचं एक निरीक्षण मला फार पटतं. आई ती वस्तू मळू देते, तिला वास येऊ लागला तरी चालवून घेते. कारण ती धुतली तर बाळाच्या अनुभवातलं सातत्य तुटेल, हे तिला न शिकवता कळतं. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी असते ना, ती अशीच. मुंबईच्या होस्टेलला जाताना कितीजणांनी ती बॅगेच्या तळाशी लपवून नेली असेल!

पण हीच गोष्ट ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत आली की भाषा बदलते. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख वैद्यकशास्त्राला करून दिली, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की या मुलांचं वस्तूंशी चांगलं जमतं. आणि २०१३ साली आलेल्या अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत ‘वेगळ्याच वस्तूंशी तीव्र जवळीक’ हे एका लक्षणाचं उदाहरण म्हणून दिलं आहे. निदानासाठी ते ठीकच आहे. अडचण पुढे होते. लक्षण म्हटलं की आपल्याला, आणि आम्हा डॉक्टरांना तर जास्तच, ते घालवावंसं वाटतं. पाय अधू असलेला माणूस काठी घेऊन चालतो. काठी पाहून आपल्याला पाय अधू असल्याचं कळतं, म्हणून आपण काठी काढून घेतो का? मी फोनवर नेमकं तेच केलं होतं.

मग ती वस्तू नक्की करते काय?

हा प्रश्न मी त्या मुलालाच विचारला. तोंडी उत्तर त्याला जमलं नाही. रात्री व्हॉट्सॲपवर आलं (ऑटिस्टिक व्यक्तींना पुष्कळदा लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं जातं, लक्षात ठेवा). त्याने लिहिलं होतं, “डॉक्टरकाका, बाहेर सगळं बदलत असतं. पंचा बदलत नाही. काठ चोळला की माझा हात कुठे आहे ते मला कळतं. मग बाकीचं कमी ऐकू येतं.”

हे वाक्य समजावून सांगायला मला दोन परिच्छेद लागतील, पण प्रयत्न करतो. गोंधळाच्या ठिकाणी, जिथे पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज येत नाही, तिथे मेंदूला सतत सावध राहावं लागतं. अशा वेळी हातात एक गोष्ट अशी आहे की जिचा स्पर्श, वजन, वास, आवाज पूर्ण ओळखीचा आहे. तिच्याकडून अनपेक्षित काहीही येणार नाही. तिचा चेहरा वाचावा लागत नाही, तिच्या बोलण्यातली खोच ओळखावी लागत नाही. लक्ष टेकवायला एक पक्की जागा मिळते. शिवाय तोच तोच स्पर्श, तीच तीच हालचाल यांनीही पुष्कळांचा जीव शांत होतो. आपण जपमाळ ओढतो, पदराचं टोक पिळतो, पेनचं बटण टकटक करतो, त्याचाच हा ठळक प्रकार समजा.

वस्तू मऊच असेल असंही नाही. कुणाला किल्ल्यांचा जुडगा लागतो, कुणाला बाटलीचं झाकण, कुणाला खेळण्यातली एक विशिष्ट गाडी. टेंपल ग्रँडिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गुरांच्या हाताळणीवर काम करणाऱ्या या अमेरिकन प्राध्यापिका स्वतः ऑटिस्टिक आहेत. तरुणपणी मावशीच्या रँचवर त्यांनी पाहिलं की लस टोचताना जनावरांना दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या एका चौकटीत उभं करतात आणि त्यातली काही त्या दाबाने शांत होतात. त्यांना माणसाची मिठी सहन व्हायची नाही, पण दाब हवासा वाटायचा. त्यांनी स्वतःसाठी तसंच एक यंत्र बनवलं. आजूबाजूच्या काही तज्ज्ञांना ते विचित्र वाटलं, ते बंद करावं असाही आग्रह झाला. त्यांनी ते सोडलं नाही, उलट त्याचाच अभ्यास केला, आणि खोल दाबाने येणाऱ्या शांततेवर १९९२ साली शोधनिबंध लिहिला. पुढे अनेक वर्षांनी ते यंत्र मोडलं तेव्हा त्यांनी दुरुस्त केलं नाही. तोवर त्यांना माणसांच्या मिठीची सवय झाली होती. कुणी ओढून घेतलं म्हणून ते सुटलं नाही, हे ध्यानात घ्या.

इथपर्यंत ठीक. पण आता एक गोष्ट सांगतो ज्यावर माझे काही व्यवसायबंधू माझ्याशी सहमत नाहीत. आजकाल अशा वस्तूला ‘सेन्सरी टूल’ म्हणायची पद्धत पडली आहे. शब्द सोयीचा आहे, वैद्यकीय वाटतो, त्यामुळे नातेवाइकांचं तोंड बंद होतं. पण या शब्दातून अर्धीच गोष्ट कळते. ती वस्तू नुसतं साधन असती तर तसंच दुसरं आणून देता आलं असतं. पंचाचा तुकडा हरवला तर बाजारातून नवा पंचा आणायचा आणि फाडून द्यायचा! करून बघा. चालणार नाही.

याबाबत एक गमतीचा प्रयोग आहे. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी लहान मुलांना एक यंत्र दाखवलं, आणि यात वस्तू ठेवली की तिची हुबेहूब नक्कल तयार होते असं सांगितलं. साध्या खेळण्याच्या बाबतीत मुलं नक्कल घ्यायला खुशीत तयार होती. पण जिला मिठी मारून झोपतात ती वस्तू आणायला सांगितल्यावर काहींनी ती यंत्रात ठेवायलाच नकार दिला, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांना आपली मूळचीच परत हवी होती. ही मुलं ऑटिस्टिक म्हणून निवडलेली नव्हती, सर्वसाधारण मुलं होती. म्हणजे ‘तीच’ हवी हा हट्ट माणसाच्या स्वभावातलाच आहे. ज्याच्यावर जीव जडतो, त्याची बदली चालत नाही. याला आपल्या भाषेत माया म्हणतात. तो शब्द वापरायला डॉक्टरांनी लाजू नये असं माझं मत आहे.

काही ऑटिस्टिक व्यक्ती तर याच्या पुढे जातात. वस्तूंना भावना आहेत असं त्यांना मनापासून वाटतं. दुकानात शेल्फवर एकच बरणी उरली असेल तर तिला एकटं वाटेल म्हणून ती घेतात. मोडकी खुर्ची भंगारात देताना त्यांच्या पोटात तुटतं. २०१९ मध्ये ‘ऑटिझम’ या नियतकालिकात ब्रिटनमधल्या संशोधकांची एक पाहणी छापून आली. ८७ ऑटिस्टिक आणि २६३ ऑटिस्टिक नसलेल्या मोठ्या माणसांना त्यांनी ऑनलाइन प्रश्न विचारले होते. वस्तूंना व्यक्ती मानण्याची सवय दोन्ही गटांत आढळली, पण ऑटिस्टिक गटात ती जास्त वेळा आणि मोठ्या वयापर्यंत टिकलेली दिसली. ऑनलाइन पाहणीच्या मर्यादा असतातच, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी ‘यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत’ असं जे सरसकट म्हटलं जातं, त्याच्याशी हे चित्र जुळत नाही एवढं खरं. खुर्चीला वाईट वाटेल म्हणून रडणाऱ्या माणसाला निष्ठुर कसं म्हणायचं?

आणि हसण्याआधी आपल्याकडे जरा बघा. पुस्तकाला चुकून पाय लागला की आपला हात आपोआप कपाळाला जातो. खंडेनवमीला सुतार करवतीला हळदकुंकू वाहतो, रिक्षावाला रिक्षाला हार घालतो. मी स्वतः दरवर्षी स्टेथोस्कोपवर झेंडूचं फूल ठेवतो. जन्माष्टमीला घराघरात धातूचा बाळकृष्ण पाळण्यात घालून जोजवतो, आणि त्याला थंडी वाजेल म्हणून पांघरूण घालणारी आजी आपल्याला प्रेमळ वाटते. ही श्रद्धा आहे, ती वेगळी, असं कुणी म्हणेल. मान्य. पण वस्तूवर जीव लावणं ही कल्पना आपल्याला परकी नाही, इतकंच म्हणतोय. सगळे मिळून करतात ते संस्कार, आणि एकट्याने केलं की वेड, हा हिशेब मला पटत नाही.

आता एका बाईंची गोष्ट. वय एकतीस, बँकेत नोकरी, लग्न होऊन चार वर्षं झालेली. ऑटिझमचं निदान एकोणतिसाव्या वर्षी झालं. मुलींमध्ये ते अनेकदा असं उशिरा होतं, कारण ‘शांत आहे, हुशार आहे’ यापलीकडे कुणी पाहत नाही. त्यांच्याकडे कापडी ससा आहे, तळहाताएवढा. बँकेत तो पर्समध्ये असतो, घरी उशीखाली. नवऱ्याला माहीत आहे, त्याचं काही म्हणणं नाही. दिवाळीत नणंद आली. तिच्या चार वर्षांच्या मुलाने ससा शोधून काढला आणि सोडेना. सासूबाई म्हणाल्या, “अगं, लहान आहे तो, देऊन टाक. तुला काय करायचाय?” घरात पाहुणे, सणाचा दिवस. त्या काहीच बोलू शकल्या नाहीत. ससा नणंदेच्या बॅगेतून पुण्याला गेला.

पुढचे दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. घरच्यांना वाटलं, फुगून बसली. त्या फुगल्या नव्हत्या. ताण सहनशक्तीच्या पलीकडे गेला की काही ऑटिस्टिक व्यक्तींचं बोलणं-चालणंच बंद पडतं. इंग्रजीत त्याला शटडाउन म्हणतात. बाहेरून तो रुसवा वाटतो, आतून दुकानाचं शटर पडलेलं असतं, आणि किल्ली त्यांच्याकडेही नसते. नवऱ्याने तिसऱ्या दिवशी गाडी काढली आणि पुण्याला जाऊन ससा आणला. भाच्यासाठी नवीन मोठा हत्ती घेऊन गेला होता म्हणे. मला हा माणूस फार आवडला.

‘पण डॉक्टर, अशाने तो परावलंबी होईल.’ हा प्रश्न मला प्रत्येक पालक विचारतात, म्हणून त्याचं उत्तर देतो. १९७५ साली पासमन आणि वाइसबर्ग यांनी लहान मुलांना एका अनोळखी खोलीत ठेवून निरीक्षण केलं. ज्या मुलांना आपल्या दुलईचा लळा होता, ती दुलई जवळ असताना जवळजवळ आई सोबत असल्यासारखीच खेळली, खोलीभर फिरली. ज्यांना लळा नव्हता त्यांना दुलईचा काही उपयोग झाला नाही. ही मुलं मोठी ऑटिस्टिक माणसं नव्हती, त्यामुळे हा प्रयोग जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण माझ्या दवाखान्यात मी जे पाहतो ते याच्याशी जुळतं. पंचा हातात असताना तो मुलगा एसटीने तालुक्याला एकटा जातो, बँकेत रांगेत उभा राहतो. पंचा नसला की घरातून पाऊल पडत नाही. मग परावलंबी नेमकं कशाने होतो?

‘लोक काय म्हणतील’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. लोक म्हणतातच. त्यावर एवढंच सुचवीन, की बाहेर नेण्यासारखा लहानसा भाग किंवा खिशात मावेल अशी दुसरी वस्तू चालते का, हे त्या व्यक्तीलाच विचारा. काहींना चालतं. त्या बँकेतल्या बाई पर्समध्ये हात घालून सशाचा कान धरतात, कुणाला पत्ता लागत नाही. पण हे त्यांनी स्वतः शोधलंय. तुम्ही ठरवून लादू नका.

थेरपीबद्दलही बोलायलाच हवं. काही ठिकाणी मुलाची आवडती वस्तू टेबलावर ठेवतात आणि ‘हे काम पूर्ण केलंस तर मिळेल’ असं सांगतात. घरीही हे चालतं: जेवलास तर गाडी मिळेल. चॉकलेटच्या बाबतीत मी यावर वाद घालणार नाही. पण जिच्यावर जीव आहे, जिच्यामुळे जीव शांत राहतो, ती वस्तू बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरणं मला साफ चुकीचं वाटतं. चष्मा काढून घेऊन ‘आधी धडा वाच, मग देतो’ म्हटल्यासारखं आहे ते. तुमच्या मुलाच्या थेरपिस्टना हे स्पष्ट विचारा, संकोच करू नका.

काळजी कधी करायची? वस्तूच धोक्याची असेल तर अर्थातच: धारदार, गिळता येण्याजोगी, बटण-सेल किंवा छोटी लोहचुंबकं असलेली. त्यातही आधी पर्याय रुळू द्या, मग जुनी बाजूला करा. वस्तूंचा साठा इतका वाढला की झोपायला, चालायला जागा उरली नाही, तर मदत घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे घरच्यांचं हमखास दुर्लक्ष होतं: एरवी अधूनमधून लागणारी वस्तू अचानक क्षणभरही सुटेनाशी झाली, तर वस्तूकडे बोट दाखवू नका. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये जवळपास निम्म्या जणांना स्वतःच्या भावना ओळखणं आणि शब्दांत सांगणं अवघड जातं, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये मांडलं गेलं आहे. दुखणंही सगळ्यांनाच सांगता येत नाही. दाढ दुखतेय का, पोटात आग होतेय का, ऑफिसात कुणी छळतंय का, झोप गेलीय का, उदास वाटतंय का, ते आधी बघा. अशा वेळी वस्तू म्हणजे तापमापक आहे असं समजा आणि डॉक्टरांकडे या.

घरातल्यांसाठी थोड्या बारीक गोष्टी. विचारल्याशिवाय धुऊ नका. धुवायचीच असेल तर दिवस आधी सांगा, नेहमीचाच साबण वापरा. वस्तू अजून बाजारात मिळत असेल तर दुसरी आत्ताच आणून दोन्ही आलटून पालटून वापरात ठेवा. जुनी फाटल्यावर आणलेली नवी कोरी वस्तू बहुधा परकीच वाटते. फाटत आली असेल तर रफू कसं करायचं ते त्या व्यक्तीसमोर बसून ठरवा. फोटो काढून ठेवा. आणि हरवलीच, तर ‘एवढंसं फडकं ते’ म्हणू नका. शोधा, सगळ्यांनी मिळून शोधा. नाही सापडली तर घरात कुणी गेल्यावर आपण जसं वागतो तसं काही दिवस वागा. जेवणाचा आग्रह कमी, सोबत जास्त.

दवाखान्यात जायचं असेल तर आधी फोन करून सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि गरजेनुसार वाजवी सोयी करून देण्याचं तत्त्वही त्या कायद्यात आहे. पण कायदा दाखवायची वेळ क्वचितच येते. शांतपणे आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. एमआरआय असेल तर वस्तूत धातू आहे का ते आधी तपासा. असेल तर धातू नसलेली दुसरी एखादी वस्तू चालते का हे घरी चार-आठ दिवस आजमावून पाहा. भुलीच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच भेटा. नुसतं ‘त्याला ऑटिझम आहे’ म्हणू नका. वस्तू कोणती, ती कुठल्या हातात लागते, कधी काढली तर चालेल, जाग आल्यावर कुठे हवी, हे एका कागदावर लिहून द्या.

त्या मुलाच्या हर्नियाचं ऑपरेशन चार महिन्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये झालं. या वेळी मी स्वतः भुलीच्या डॉक्टरांशी बोललो. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, “पारदर्शक पिशवीत घालून आणू दे की, ऑपरेशनच्या जागेपासून हात लांबच असतो.” आईने पंचा तीन दिवस आधी नेहमीच्या साबणाने धुतला, मग तीन रात्री त्याच्या उशाशी ठेवला, वास परत यावा म्हणून. सलाईन डाव्या हाताला लावलं, कारण पंचा उजव्या हातात लागतो. पिशवीवरून त्याला काठ चोळता येईल का अशी मला शंका होती, पण त्याने ते घरी आठवडाभर करून पाहिलं होतं. तो झोपल्यावर सिस्टरने पिशवी काढून घेतली, तिच्यावर चिकटपट्टीने त्याचं नाव लावलं, आणि रिकव्हरीत तो डोळे उघडायच्या आत त्याच्या मुठीत दिली.

चौथ्या दिवशी टाके बघायला तो माझ्याकडे आला. शर्ट वर करताना पंचा मांडीवर ठेवायच्या ऐवजी त्याने तो माझ्या हातात दिला, “धरा जरा” म्हणून. टाके बघून होईपर्यंत मी तो धरून उभा होतो.